मीटिंगला आपणही जायला हवं

मैत्रिणींनो, दुपारच्या वेळी चारजणी जमल्या की आपल्या गप्पांत काय निघत नाही? कुणाच्या सासूबाईंची साखर वाढली, कुणाच्या यजमानांचं पित्त उसळलं, कुणाच्या जावेचं ऑपरेशन झालं, सगळं निघतं. डॉक्टरांची नावं सांगितली जातात, कारल्याच्या रसापासून मेथीच्या दाण्यांपर्यंत उपाय सुचवले जातात. एका आजाराचं नाव मात्र कुणी काढत नाही. ज्या घरात तो आहे, त्या घरची बाई मुकाट्यानं चहा पिते आणि ‘मुलं यायची वेळ झाली’ म्हणून सगळ्यांआधी उठते. बाकीच्यांना सारं ठाऊक असतं. आपलं त्यांना ठाऊक आहे, हे तिलाही ठाऊक असतं. तरी कुणी बोलत नाही.

हा आजार म्हणजे दारूचं व्यसन. आमच्या वसई-विरारकडे हळदीला, लग्नाला, पावसाळ्यातल्या सहलींना ग्लास फिरतोच. त्यातले बरेचजण तिथेच थांबतात. काहींना थांबता येत नाही. मग रात्री शेवटच्या विरार लोकलपर्यंत जागणं, पगाराच्या दिवशी जीव मुठीत धरून बसणं, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवणं हे त्या घराच्या अंगवळणी पडतं. मी अर्धवेळ शाळेत शिकवते. गृहपाठ का झाला नाही असं विचारलं, की एखादं मूल नुसतीच मान खाली घालतं. रात्री घरात कुणाला झोप मिळाली नाही, हे ते सांगत नाही. लपवायचं कसं ते मूल आपल्याकडूनच शिकलेलं असतं.

नवऱ्याची दारू सोडवण्याचा रामबाण उपाय मी आज सांगणार नाही, कारण तसा उपाय नसतो. मला सांगायचंय ते गावोगावी भरणाऱ्या मीटिंगांबद्दल. व्यसनी माणसासाठी मीटिंग असते हे आता बऱ्याच जणींना ऐकून माहीत आहे. पण त्याच्या बायकोसाठीही वेगळी मीटिंग असते, आणि तिथे जायला नवऱ्याच्या होकाराची वाट पाहावी लागत नाही, हे फार थोड्या जणींना माहीत असतं.

आधी आजार समजून घेऊ

आपण काय काय करून पाहतो? मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतो. जीवदानीच्या पायऱ्या चढतो, नवस बोलतो, कुणी चर्चमध्ये मेणबत्ती लावतं. तोही कबूल होतो. ‘पाडव्यापासून बंद’, ‘नाताळनंतर थेंबसुद्धा नाही’. त्या क्षणी तो खोटं बोलत नसतो. आठ दिवस निभावतातही. नवव्या दिवशी पुन्हा तेच, आणि आपण म्हणतो, याला बायकामुलांची मायाच नाही.

वैद्यकशास्त्र वेगळं सांगतं. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं १९५६ मध्येच हे व्यसन आजार म्हणून मान्य केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीतही त्याचा समावेश आहे. एक घोट घेतला की किती घ्यायची यावर ताबा राहत नाही. पूर्वीइतक्या दारूनं भागत नाही. सकाळी हात थरथरतात आणि ते थांबवायला पुन्हा दारूच लागते. पोट, नोकरी, अब्रू सगळं जातंय हे दिसत असूनही पिणं सुटत नाही. मराठीत याला ‘मद्यपाश’ असा नेमका शब्द आहे. पाशात अडकलेल्याला शपथ घालून मोकळं करता येत नाही. मात्र आजार आहे म्हणून त्यानं काहीही करावं आणि आपण सोसावं, असाही त्याचा अर्थ नाही.

एका टेलिफोनपासून सुरुवात

‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, म्हणजे थोडक्यात एए, या मंडळींची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतल्याच ॲक्रन गावी गेला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. काम फिसकटलं. परक्या गावात, खिसा रिकामा, आणि हॉटेलात समोर बार. तो बारकडे जायचा तो टेलिफोनकडे गेला. गावातल्या धर्मगुरूंना फोन करून त्यानं विचारलं, की माझ्यासारखा एखादा दारूनं ग्रासलेला माणूस इथे भेटेल का? विचारत विचारत त्याची गाठ पडली डॉक्टर बॉब स्मिथ यांच्याशी. ते स्वतः शल्यविशारद होते आणि दारूनं पार खचलेले होते. ‘पंधरा मिनिटं बसेन’ असं म्हणून आलेले डॉक्टर रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. बायको, मित्र, डॉक्टर सगळ्यांनी त्यांना आजवर उपदेश केला होता. स्वतःची कहाणी सांगणारा हा पहिलाच भेटला होता.

पुढे डॉक्टर एकदा घसरले. पण १० जून १९३५ नंतर त्यांनी दारूला हात लावला नाही, आणि तोच दिवस एएचा स्थापनादिवस मानतात. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे. मुंबईत भायखळ्याला त्यांचं मध्यवर्ती कार्यालय आहे.

मीटिंगमध्ये काय चालतं?

भाषण नसतं, औषध नसतं, फी नसते, हजेरीपट आणि अर्जही नसतो. एखाद्या शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल अशी साधी जागा. खुर्च्या मांडलेल्या, कोपऱ्यात चहा. तास-दीड तासाचा कार्यक्रम. सुरुवातीला छोटी प्रार्थना, मग एकेकजण बोलतो. नाव फक्त पहिलं सांगायचं, आडनाव नाही. ‘मी मद्यपी आहे’ असं म्हणून आपलं काय झालं आणि आज काय चाललंय ते सांगायचं. दुसऱ्यानं मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकलं तरी चालतं. शेवटी पिशवी फिरते. इच्छा असेल त्यानं दहा-वीस रुपये टाकावेत. बाहेरच्या कुणाची देणगी ही मंडळी घेत नाहीत.

सभासद होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. ‘जन्मात पिणार नाही’ अशी प्रतिज्ञा इथे नसते. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचं उद्या पाहू, एवढंच. जन्मभराचं ओझं कुणालाही पेलवत नाही, एक दिवस बहुतेकांना पेलवतो. बारा पायऱ्यांचा एक क्रम आहे. त्यात पहिली पायरी दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करण्याची, आणि पुढे ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करण्याचीही. देवाचा उल्लेख येतो, पण ज्याला जसा उमजेल तसा. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, नास्तिक सगळे एकाच बाकावर बसतात.

नव्या माणसाला एखादा जुना सभासद आधार देतो. त्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. रात्री अकरा वाजता तलफ आली तर त्याला फोन करायचा. तो रागावत नाही, कारण त्यानंही कधीतरी असाच कुणाला तरी फोन केलेला असतो. दारू सोडून वर्ष झालं की सगळे मिळून ‘वाढदिवस’ करतात. अशा वाढदिवसाला अनेकदा घरच्यांनाही बोलावणं असतं. ‘ओपन’ मीटिंग असेल तर ती कुणालाही ऐकता येते. ‘क्लोज्ड’ असेल तर फक्त व्यसनी व्यक्तीसाठी असते. जाण्याआधी हे विचारून घ्यावं.

मग बायकोचं काय?

बिल विल्सनची बायको लोइस. नवरा पीत होता तेव्हा दुकानात नोकरी करून तिनं घर चालवलं. पुढे त्याची दारू सुटली. तिनं सुखी व्हायला हवं होतं. पण एक दिवस ‘चल, मीटिंगला उशीर होतोय’ असं तो म्हणाला आणि तिनं हातातला बूट त्याला फेकून मारला! आपल्याला इतका राग का यावा, याचं तिलाच नवल वाटलं. मग उमगलं ते असं. इतकी वर्षं तिचं सारं जगणं त्याच्या दारूभोवती फिरत होतं. त्याला सांभाळायचं, सावरायचं, लपवायचं. तो बरा झाला, तोही परक्यांच्या मदतीनं, आणि ती होती तिथेच राहिली.

नवऱ्यांना घेऊन येणाऱ्या बायका मीटिंग संपेपर्यंत बाहेर बसत, चहा-कॉफीचं पाहत आणि आपसांत बोलत. त्या बोलण्यातून त्यांनाही धीर येतो, हे लोइसच्या ध्यानात आलं. त्यातूनच १९५१ मध्ये ‘अल-अनॉन’ ही घरच्यांसाठीची संघटना उभी राहिली. बायको, आई, बहीण, वडील, नवरा, ज्याच्या जवळच्या माणसाच्या दारूनं ज्याला त्रास होतो, त्या कुणालाही तिथे जाता येतं. कुमारवयीन मुलांसाठी ‘अलाटीन’ आहे.

तिथे पहिल्याच दिवशी तीन गोष्टी कानावर पडतात. हे व्यसन तुमच्यामुळे लागलेलं नाही. त्यावर ताबा तुमचा चालणार नाही. आणि ते बरं करणं तुमच्या हातात नाही. वाचताना यात काय विशेष, असं वाटेल. पण ‘तूच कटकट करतेस म्हणून तो पितो’ हे सासरी-माहेरी ज्या बाईनं वर्षानुवर्षं ऐकलंय, तिला हे ऐकून काय वाटत असेल याची कल्पना करा. कितीतरी जणी पहिल्या मीटिंगला एक अक्षरही न बोलता फक्त रडतात. कुणी ‘रडू नकोस’ असं म्हणत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही हे ओळखलं गेलं आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंचा त्याला मोठा हातभार होता. तिथे व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. नवरा दाखल झाला की बायकोलाही बोलतं करायचं, हा तिथला रिवाज.

पत्ता कसा काढायचा?

आपल्या भागात सोय आहे. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये बांद्र्याला ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं. ते स्वतः या व्यसनातून एएच्या मदतीनं बाहेर पडलेले, आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. पुढे २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कृपाचं केंद्र वसईतही आहे. एएच्या जवळच्या मीटिंगचा वार, वेळ आणि जागा तिथे विचारता येते. फोनवर ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ किंवा ‘अल-अनॉन’ असं शोधलं की भारतातल्या कार्यालयांचे क्रमांक मिळतात. चर्चचे फादर, महापालिकेच्या दवाखान्यातले डॉक्टर यांनाही विचारावं. सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा क्रमांक आहे, आणि मनाच्या तक्रारींसाठी १४४१६. दोन्हींना पैसे पडत नाहीत.

फोन करताना चार गोष्टी विचारा: मीटिंग मराठीतून असते की हिंदी-इंग्रजीतून, ओपन की क्लोज्ड, स्टेशनपासून किती लांब, आणि बायका येतात का.

आता तुम्ही म्हणाल, ‘वसईत शिजलेलं निर्मळला कळतं. कुणी पाहिलं तर?’ शंका रास्त आहे. म्हणूनच तर नावात ‘अनामिक’ आहे. इथे कोण दिसलं, काय ऐकलं, ते इथेच ठेवून जायचं, हा पहिला नियम. ओळखीचं कुणी दिसलंच तर तेही त्याच दुःखानं आलेलं असतं. तरी मन घेत नसेल तर आपलं स्टेशन सोडून भाईंदरला, बोरिवलीला जावं. अनेकजण तसं करतात. घरातून निघणंच शक्य नसेल तर २०२० च्या टाळेबंदीपासून फोनवरूनही मीटिंगा भरतात. चेहरा न दाखवता नुसतं ऐकता येतं.

पिणारी व्यक्ती स्वतः बाई असेल तर तिची कोंडी याहून मोठी. पुरुष प्यायला तर ‘वाया गेला’ म्हणतात, बाई प्यायली तर तिच्याबद्दल काय म्हणतात ते लिहायला नको. तिला सांगा, एएचं दार तिलाही तेवढंच उघडं आहे. मुक्तांगणमध्ये स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे.

घरात एवढं सांभाळा

न सांगता भाजीत किंवा चहात पूड मिसळून दारू सोडवा, अशा जाहिराती आपण पाहतो. चुकूनही त्या वाटेला जाऊ नका. पुडीत काय आहे हे आपल्याला कळत नाही. डायसल्फिराम नावाचं औषध पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांनी द्यायचं आणि पिणाऱ्यानं समजून-उमजून घ्यायचं औषध आहे.

दुसरं, रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम दारू तोडू नका. एक-दोन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ लागतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. हे प्राणावर बेतू शकतं. दारू सोडायची तर आधी डॉक्टर, गरज पडली तर रुग्णालय. मीटिंग ही औषधोपचाराच्या जागी नाही, त्याच्या जोडीला आणि त्यानंतर आहे.

तिसरं, रात्री तो पिऊन आल्यावर वाद घालू नका. तुमचे शब्द वाया जातात आणि मुलं जागी राहतात. बोलायचं ते सकाळी, शुद्धीवर असताना, मोजक्या शब्दांत.

चौथं, त्याच्या ऑफिसात ‘ताप आलाय’ म्हणून फोन करणं, बारची उधारी चुकवणं बंद करा. प्रेमापोटी आपण ते करतो, पण त्यानं दारूचे चटके त्याला बसतच नाहीत. मात्र मुलांची फी, घरभाडं आणि रेशन यांचे पैसे आपल्या नावच्या खात्यात वेगळे ठेवा.

आणि हात उगारला गेला तर आजार म्हणून सोसू नका. ११२ किंवा १८१ वर फोन करा. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यानं राहत्या घरात राहण्याचा हक्क तुम्हाला दिलेला आहे.

आस किती धरायची?

खरं सांगायचं तर मीटिंगला गेलेला प्रत्येकजण सुटत नाही. काही घसरतात, पुन्हा येतात, पुन्हा घसरतात. काही येतच नाहीत. तुम्ही अल-अनॉनला गेलात म्हणून तुमच्या यजमानांची बाटली सुटेल, असं वचन तिथे कुणी देत नाही. कधी कधी बायको बदलली की घरातलं वारं बदलतं आणि नवराही एक दिवस विचारतो, ‘ती मीटिंग कुठे असते?’ कधी तसं होत नाही.

पण तुमचं काय होतं ते पाहा. तो किती वाजता येईल यावर तुमची झोप अवलंबून राहत नाही. बंद झालेलं शिवणाचं मशीन पुन्हा सुरू होतं, माहेरी जाणं होतं, मुलाशी खरं बोलता येतं. ‘बाबांना आजार आहे, तुझा त्यात काही दोष नाही’ हे वाक्य मुलाला आईच्या तोंडून ऐकायला मिळतं. त्याच्या दृष्टीनं त्याहून मोठं दुसरं काही नाही.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असं म्हणतात. पण याबाबतीत मूठ झाकून झाकून बोटं आखडून जातात. चारचौघांत ती उघडा, असं मी म्हणत नाही. एका खोलीत, ज्यांच्या मुठीत तेच आहे अशा आठ-दहा जणांपुढे उघडा. एका मीटिंगवरून मत बनवू नका. पाच-सहा वेळा जाऊन पाहा, मग ठरवा.

या आठवड्यात एवढंच करा. फोन करून वार आणि वेळ विचारून घ्या, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर एक बारीकशी खूण करा. काय म्हणून ते कुणाला सांगायची गरज नाही. त्या दिवशी आमटीभात दुपारीच करून ठेवा, मुलांना शेजारी तासभर बसवा आणि निघा. यजमान बरोबर आले तर उत्तम. नाही आले तरी निघा.